वहीतले सहा महिने : मुंबईतील एका योगशिक्षिकेचे प्रकरण

या प्रकरणातील शिक्षिकेला वर्गात सगळे 'ताई' म्हणतात आणि ज्या विद्यार्थ्यामुळे हे प्रकरण उभे राहिले त्यांना 'काका'. दोघांच्या संमतीने लिहीत असलो, तरी ओळख पटेल असे तपशील गाळायचे ठरल्यामुळे येथेही तीच संबोधने ठेवली आहेत. माझा संबंध असा की, ताईंनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे पहिले दहा पाठ पाहून शेरे देण्याचे काम माझ्याकडे होते, आणि घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी त्या सगळे कागद पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. म्हणजे मी तटस्थ निरीक्षक नाही. ज्या पाठांना मी 'उत्तम, विद्यार्थी खिळून राहतात' असा शेरा दिला होता, त्यांतच पुढच्या चुकीचे बीज होते, हे मला फार उशिरा कळले.

प्रसंग २०२३ सालचा आहे. मुलुंडमधील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहात सकाळी सात वाजता भरणाऱ्या वर्गात ६४ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ सुमारे सहा आठवडे भिंतीच्या आधाराने शीर्षासन करत होते. त्यांना चार वर्षांपासून काचबिंदू होता आणि ते रोज रात्री डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते; ही गोष्ट त्यांनी प्रवेशअर्जात लिहिली नव्हती आणि तोंडीही सांगितली नव्हती. नेत्रतज्ज्ञाकडील नेहमीच्या तपासणीत बोलता बोलता शीर्षासनाचा विषय निघाला, तेव्हा डॉक्टरांनी ते तत्काळ बंद करायला सांगितले. ताईंचे प्रशिक्षण रीतसर होते, अर्ज भरून घेण्याची पद्धत होती आणि काचबिंदू असताना शीर्षासन वर्ज्य आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी हे घडले कसे, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला त्यांच्या अज्ञानात सापडले नाही. ते त्या स्वतः योगाकडे कशा आल्या आणि ती हकिकत त्या वर्गात कशी सांगत, यात सापडले.

ताईंचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साचे चालवत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा त्या चौथीत होत्या; संप रीतसर मिटलाच नाही आणि घर आईच्या खानावळीवर चालू लागले. चाळीच्या मागे तालीम होती, तिथे मल्लखांब होता, पण तिथे मुलींना प्रवेश नव्हता; त्या पायरीवर बसून पाहत. शरीर कमावण्याची गोष्ट आपल्यासाठी नाही, हा समज तेव्हापासून पक्का झाला, असे त्या सांगतात. पुढे वाणिज्य शाखेची पदवी, फोर्टमधील एका बँकेत कारकुनी, लग्न होऊन मुलुंड, दोन मुले, आणि रोजचा जाता-येता दोन तासांहून अधिक लोकलप्रवास, त्यातला बराचसा उभ्याने. २००७ साली, पस्तिसाव्या वर्षी, पाण्याची बादली उचलताना कमरेत कळ आली आणि ती डाव्या पायात उतरली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती बाहेर आलेली दिसली. शस्त्रक्रियेची गरज नाही, विश्रांती व फिजिओथेरपी पुरे, असे डॉक्टर म्हणाले आणि ते बरोबरच होते. सहा आठवड्यांत वेदना पुष्कळ कमी झाली. भीती मात्र गेली नाही. त्या वाकेनाशा झाल्या, नातेवाइकाच्या बाळाला उचलून घेईनाशा झाल्या, गाडीत जागा मिळाली तरी बसेनाशा झाल्या, कारण उठताना कळ येईल असे वाटे.

बँकेतल्या एका सहकारी बाईंनी त्यांना दादरच्या एका वर्गात नेले. तिथले शिक्षक निवृत्त शाळामास्तर होते, सगळे त्यांना 'सर' म्हणत, आणि ते फी घेत नसत. मुंबई-ठाण्याच्या मराठी वस्तीत ही मोठी परंपरा आहे : नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर, शाळेच्या वा देवळाच्या सभागृहात, सतरंजी आणि घरून आणलेली चादर एवढ्यावर चालणारे वर्ग. सरांचे शिक्षण कैवल्यधामच्या वळणाचे होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले आणि उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या व फिरवण्याच्या क्रियांच्या वेळी पोटातला दाब किती उतरतो याची उपकरणांनी मोजमापे घेतली. त्या उणे दाबाला त्यांनी आपल्या गुरूंच्या, मालसरच्या परमहंस माधवदासजींच्या, नावावरून 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले. सरांच्या वर्गात उपकरणे नव्हती, पण मोजण्याची आणि टिपून ठेवण्याची सवय होती. प्रत्येकाने वही ठेवायची : तारीख, काय केले, किती वेळ, संध्याकाळी कसे वाटले.

ताईंची ती वही आजही त्यांच्याकडे आहे. घटनेनंतर त्यांनी आणलेल्या कागदांत ती नव्हती. मी मागून घेतली. वही वाचली आणि प्रकरण माझ्यापुरते उलगडले, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या महिन्यातल्या नोंदी वाचणाऱ्याचा जीव कंटाळतो. शवासन, गुडघ्यांखाली लोड. मकरासन. उताणे झोपून गुडघे दुमडणे, एका वेळी एक. पुन्हा शवासन. दुसऱ्या महिन्यात कोपरे जमिनीला टेकवूनच छाती किंचित उचलायची, एवढेच भुजंगासन. तिसऱ्यात एका पायाचे शलभासन. एका पानावर ताईंनी लिहिले आहे, 'शेजारच्या बायका पश्चिमोत्तानासन करतात. सर मला पुढे वाकू देत नाहीत. विचारले तर म्हणाले, तुमची चकती मला विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.' सरांचे कारण साधे होते : कमरेतून गोल होत पुढे वाकताना चकतीच्या पुढच्या कडेवर दाब पडतो आणि ती मागे, नसांच्या दिशेने, ढकलली जाते, ज्याची चकती मुळातच मागे सरकली आहे त्याला हे सुरुवातीला नको. असे पूर्ण सहा महिने गेले. चौथ्या महिन्यात तीन आठवडे एकही नोंद नाही. तेव्हा आपण वर्ग सोडलाच होता, असे ताईंनी मला आता सांगितले. सरांनी पोस्टकार्ड पाठवून बोलावून घेतले.

शीर्षासन आले ते दोन वर्षांनी. त्या दिवसाची नोंद एकच ओळ आहे, पण तिच्याखाली दोनदा रेघ मारली आहे. ताई त्याविषयी बोलतात तेव्हा अजूनही त्यांचा आवाज बदलतो. पाय भिंतीपासून सुटले, कमर सरळ राहिली, आणि कमर पुन्हा आपली झाली असे वाटले. चाळीतल्या पायरीवर बसून मल्लखांब पाहणाऱ्या मुलीचेही त्यात काही होते, असे मला वाटते; त्या तसे म्हणत नाहीत.

पुढचा प्रवास लवकर सांगता येतो. रविवारी भरणारा एक वर्षाचा शिक्षक-अभ्यासक्रम, सरांच्या हाताखाली तीन वर्षे साहाय्य, नंतर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून स्वीकारला, आणि २०१५ च्या पहिल्या योग दिनाला मुंबईतल्या सोसायट्यांना एकाएकी योगशिक्षक हवे झाले. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी ताईंना बोलावले, लोकांनी रोज या म्हणून आग्रह केला, आणि वर्ग सुरू झाला. सरांप्रमाणे विनामूल्य शिकवणे त्यांना परवडणारे नव्हते. सभागृहाचे भाडे होते, मुलांचे शिक्षण होते. पैसे घेण्याचा संकोच त्यांना बराच काळ होता आणि माझ्या मते त्या संकोचाचाही या प्रकरणात वाटा आहे : फी घेतो तर लोकांना काहीतरी ठळक द्यायला हवे, ही टोचणी विनामूल्य शिकवणाऱ्या सरांना कधी नव्हती. शासनाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही त्यांनी दिली. आपल्याकडे योग शिकवण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. ही परीक्षा ऐच्छिक आहे. ती देणारा शिक्षक निदान बेफिकीर नसतो, एवढे म्हणता येते.

प्रत्येक नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी ताई दहा मिनिटे स्वतःची हकिकत सांगत. तिचा आराखडा ठरलेला होता : बादली, कळ, एमआरआय, 'मला मोरीत बसता येत नव्हतं', आणि मग, 'दोन वर्षांनी मी डोक्यावर उभी राहिले.' मागच्या फळ्यावर त्यांनी हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथातला श्लोक सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता : 'युवा वृद्धोऽतिवृद्धो वा व्याधितो दुर्बलोऽपि वा । अभ्यासात्सिद्धिमाप्नोति सर्वयोगेष्वतन्द्रितः ॥' तरुण असो, म्हातारा असो, आजारी वा दुबळा असो, आळस न करणाऱ्याला अभ्यासाने सिद्धी मिळते. मी ती हकिकत तीन वेळा ऐकली आहे आणि तिन्ही वेळा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. 'खिळून राहतात' हा माझा शेरा त्याच दहा मिनिटांबद्दल होता.

हकिकतीत एकही शब्द खोटा नव्हता. तिच्यातून फक्त वहीतले ते सहा महिने गळाले होते.

काका २०२२ च्या पावसाळ्यानंतर वर्गात आले. बसवाहक म्हणून अख्खी नोकरी उभ्याने केलेली, खांदे आखडलेले, पण उत्साह विशीतला. प्रवेशअर्जावर प्रश्न होता, 'आपणास कोणताही गंभीर आजार आहे काय? असल्यास नमूद करावे.' काकांनी 'नाही' लिहिले. चार महिन्यांनी शीर्षासनाची तयारी सुरू करण्यापूर्वी ताईंनी वर्ज्य असणाऱ्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवली : उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेचे विकार, काचबिंदू, पडदा सरकण्याचा इतिहास. काका दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी ऐकले आणि ते गप्प राहिले.

मी नंतर त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी दोन तास बोललो. त्यांचे उत्तर मी तेव्हाच लिहून घेतले : 'ताईंची पाठ गेली होती, त्यांनी ती बाजूला ठेवून केलं. मग मी थेंबांचं काय सांगत बसू? सांगितलं असतं तर मला बसवून ठेवलं असतं. आणि फळ्यावर लिहिलंच होतं की, आजारी असला तरी चालतं.' यात लबाडी नाही. शिक्षिकेच्या हकिकतीतून त्यांनी जो अर्थ घेतला तो तर्काला धरून होता : दुखण्याला बाजूला सारणाऱ्यालाच शेवटी भिंतीपासून पाय सोडता येतात. ताईंची हकिकत धीर देण्यासाठी होती. काकांना तिने आजार लपवायला शिकवले.

वैद्यकीय बाजू मोजूनमापून मांडायला हवी, कारण तिच्याबद्दल सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर बरेच अचाट लिहिले गेले. डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट होतो आणि खाली आल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतो. निरोगी डोळा हे सहन करतो. काचबिंदूत डोळ्याची नस आधीच दुबळी झालेली असल्यामुळे असे वारंवारचे चढउतार टाळायचे असतात. काकांचा दाब तपासणीच्या वेळी नेहमीइतकाच होता. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत मागच्या वर्षीपेक्षा थोडा फरक दिसला. तो शीर्षासनामुळे की रोगाच्या स्वाभाविक गतीमुळे, हे सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. म्हणून 'योगवर्गात डोळा गेला' हे जसे असत्य, तसे 'काहीच झाले नाही' हेही म्हणण्याचा अधिकार ताईंना किंवा मला नाही.

काकांची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग चालू असतानाच आली. ताईंनी अर्ज काढून दाखवला. ती म्हणाली, 'अर्ज माझ्या बाबांनी भरला असेल. शिकवलं तुम्ही.' या वाक्याला ताईंकडे उत्तर नव्हते आणि, खरे सांगायचे तर, माझ्याकडेही नाही.

अशा वेळी पहिला संशय प्रशिक्षणावर जातो. मी ताईंच्या परीक्षेच्या तयारीच्या वह्या पाहिल्या. शीर्षासनाखाली काचबिंदू ठळकपणे लिहिलेला आहे. दुसरा संशय अर्जावर, आणि तो काही अंशी बरोबर आहे. 'गंभीर आजार' ही भाषा सरकारी कचेरीची आहे. आपल्याकडचा साठीतला माणूस मधुमेहाला 'थोडी साखर' म्हणतो, रक्तदाबाला 'बीपीची गोळी' म्हणतो आणि काचबिंदूला 'थेंब'. यांपैकी काहीही त्याच्या लेखी आजार नसते, गंभीर तर नसतेच. तिसरी गोष्ट माझे वैयक्तिक मत आहे : साठी ओलांडलेल्या नव्या विद्यार्थ्याला वीस जणांच्या वर्गात शीर्षासन शिकवूच नये, मग त्याचे डोळे कितीही उत्तम असोत. ताईंना हे मत आजही पूर्ण पटलेले नाही.

पण या तिन्ही गोष्टी सांगूनही यादी वाचली जात असताना काका गप्प का राहिले, हे उरतेच, आणि तिथे शिक्षिकेच्या वाटचालीकडे यावे लागते. शिक्षकाची वाट त्याच्या शिकवण्यात उतरते, हे नवे नाही. माधवदासजींचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र मुंबईत महाविद्यालयात शिकत असताना कुस्तीची आवड असलेले तरुण होते. संन्यास न घेता ते संसारात राहिले, १९१८ साली वर्सोव्याला त्यांनी योग इन्स्टिट्यूट काढली, जी आज सांताक्रूझला आहे, आणि त्यांचा योग कायम गृहस्थाला झेपेल असा राहिला. कुवलयानंद बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात घडले आणि त्यांच्या योगाला शारीरिक शिक्षणाची शिस्त आली. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी इन्फ्लुएंझा, मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी पिचलेले होते. पुण्याहून आठवड्याच्या अखेरीस मुंबईला येऊन ते वर्ग घेत, तेव्हा त्यांच्या शिकवण्यात दोर, पट्टे, विटा, खुर्च्या येत गेल्या, कारण न वाकणारे शरीर म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत होते. आजारातून योगाकडे आलेल्या शिक्षकाची हकिकत सांगायची तर अय्यंगारांच्या विटा आणि खुर्च्या तिच्यातून वगळता येत नाहीत; त्या वगळल्या तर एका आजारी मुलाने जिद्दीने शरीर जिंकले, एवढीच चटपटीत गोष्ट उरते. ताईंच्या हकिकतीतून लोड आणि मकरासन वगळले गेले तेव्हा नेमके हेच झाले. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार या तीन अटी घातल्या आहेत. ताईंच्या दहा मिनिटांत पहिल्या दोन अटी 'दोन वर्षांनी' या दोन शब्दांत उरकत आणि तिसरीला, म्हणजे समोर असलेल्या शरीराचा मान राखण्याला, जागाच नव्हती.

वही त्यांच्यासमोर ठेवून मी हे बोललो तेव्हा ताई रागावल्या. 'ते सहा महिने कोण ऐकेल?' असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न वाजवी होता. मीही ते ऐकून 'उत्तम' लिहिले नसते.

सोसायटीच्या समितीने वर्ग एक महिना बंद ठेवला. त्या महिन्यात ताईंनी अर्ज रद्द केला. आता त्या प्रत्येक नव्या व्यक्तीशी पंधरा मिनिटे एकटीने बोलतात आणि आजार हा शब्दच वापरत नाहीत. 'रोज कोणत्या गोळ्या, थेंब, इंजेक्शन घेता? घरात औषधांचा डबा आहे ना, त्यात काय काय आहे?' असे विचारतात. प्रश्नाचे हे रूप त्यांनीच शोधले, माझे त्यात श्रेय नाही. शीर्षासन सामूहिक वर्गातून काढले. काकांसाठी डोके खाली जाणारे सगळेच वगळावे लागले, कारण अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि निरुपद्रवी समजली जाणारी विपरीतकरणी यांतही डोळ्यातला दाब वाढतो. श्वास कोंडून जोर लावणेही बंद केले. उरलेले पुष्कळ आहे. उभ्याची आसने, बसून करायचे वक्रासन, नाडीशोधन प्राणायाम कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता, आणि आखडलेल्या खांद्यांसाठी भिंतीचा आधार घेऊन करायचे काम, ज्याची त्यांना पहिल्या दिवसापासून गरज होती.

फळ्यावरच्या श्लोकावरून आमचा वाद झाला. मला तो पुसावासा वाटत होता. ताईंनी ठेवला, श्लोक अभ्यासाबद्दल आहे, शीर्षासनाबद्दल नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. आता त्या तो वाचून झाल्यावर वही उघडतात आणि पहिल्या महिन्याची तीन पाने जशीच्या तशी वाचून दाखवतात. शवासन, गुडघ्यांखाली लोड. मकरासन. पुन्हा शवासन.

गेल्या जूनमध्ये सुरू झालेल्या तुकडीत पहिल्या दिवशी बावीस जण होते. तिसऱ्या दिवशी सतरा उरले. एका तरुणाने जाताना नम्रपणे सांगितले की, त्याला थोडे वेगवान काहीतरी हवे आहे. सभागृहाचे भाडे अर्थात तेवढेच आहे. ताईंनी फी वाढवावी का, यावर आमचे अजून ठरलेले नाही. काका नियमित येतात, भिंतीजवळची जागा त्यांनी सोडलेली नाही. कोणी नवा माणूस आला की, ते सदऱ्याच्या खिशातली थेंबांची बाटली काढून त्याला दाखवतात आणि विचारतात, 'तुमच्याकडे काय आहे?'